हंड्यावरची लॅव्हॉन

डायनंटमध्ये कुणी बूयाला, म्हणजे हंड्यात शिजणाऱ्या इथल्या दाट कालवणाला, सूप म्हटलं, तर त्याच्यावर कुणी ओरडत नाही. डायनंटमध्ये कुणी कुणावरच ओरडत नाही, तीच तर या गावाची खोड आहे. समोरचा माणूस जरा वेळ खिडकीबाहेर बघतो, "हं, तसंही म्हणत असतील कुणी कुणी," एवढंच म्हणतो, आणि त्या पाहुण्याला परत कधी जेवायला बोलावत नाही. कागदाची गिरणी बंद पडली, चीजचा कारखाना बाहेरच्या लोकांनी घेतला, हायस्कूल शेजारच्या गावातल्या हायस्कुलात विरून गेलं. तरी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नकाशावर आपण कुणीतरी आहोत, असं डायनंटला वाटतं, कारण गावाच्या पाण्याच्या टाकीवर एक हंडा आणि एक वल्हं रंगवलेलं आहे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, सेंट ओडील चर्चच्या पिकनिकला, मागच्या मैदानात तसा खरोखरचा हंडा चुलीवर चढतो, आणि सगळं गाव घरून आपापलं पातेलं घेऊन रांगेत उभं राहतं.

त्या हंड्यावर लॅव्हॉन हर्लाश असायची. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. माणूस उभ्या उभ्या आत गाळात जाऊन बसतो तेव्हा पाहुण्यांना ते कळत नाही. गावाला कळतं, पण गाव बोलत नाही.

वल्हं म्हणजे खरंच वल्हं, होडीचं असतं तसलंच, मॅपलच्या लाकडाचं. कोंबड्या, बैलाच्या शेपटीचं मांस, कोबी, बटाटे, कांदे असलेला दोन माणसं मावतील एवढा हंडा दुसऱ्या कशानं ढवळणार? आणि या वल्ह्याचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणून तो मोडायचीही सोय नाही. हंड्यावरच्या माणसानं वल्हं कुणाला द्यायचं नसतं. दुसऱ्यानं मागायचं नसतं. त्याच्या हातात जोर उरला नाही असं दिसलं की कुणीतरी पुढे व्हायचं आणि न बोलता ते त्याच्या हातातून घ्यायचं. घेतलं की ते त्याचं, पुढचा कुणी घेईपर्यंत.

लॅव्हॉननं ते आपल्या नवऱ्याच्या हातातून घेतलं होतं, तेही असं की त्याला घेणं म्हणावं का हाच प्रश्न. एल्रे ढवळता ढवळता लाकडांच्या ढिगावर बसला आणि त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं. वल्हं हंड्यात पडत होतं, ते तिनं धरलं. माणसं एल्रेभोवती धावली, कुणी अँब्युलन्सला फोन केला, आणि ही मात्र अँब्युलन्स येईपर्यंत ढवळत राहिली, कारण बटाटे हंड्यात पडले होते आणि आता थांबलं तर तळाला लागलं असतं. इतक्या वर्षांत तिला याची लाज वाटली नाही असा एक दिवस गेला नाही. गावाला मात्र त्यात थोरपणा दिसला. एल्रे तेव्हापासून नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात आहे. त्याला बोलता येत नाही, माणसं ओळखतो. ती रोज दुपारी जाते, त्याची दाढी करते, त्याला भरवते, परत येते.

आणि दर उन्हाळ्यात हंडा. पहिली काही वर्षं तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग खांदा दुखायला लागला, मग झोप जाऊ लागली. ती वाट बघू लागली की कुणीतरी पुढे येईल. कुणी आलं नाही. लोकांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर असं काही चढवून ठेवलं होतं की खाली उतरायला फांदीच सापडेना.

यंदा पिकनिकच्या आधीच्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात बायका कोंबड्यांची हाडं काढायला बसल्या होत्या. लॅव्हॉन डोरीन मासारच्या शेजारी बसली होती. डोरीन म्हणजे हाडं काढणाऱ्या बायकांची पुढारी. बूयात एक हाड सापडलं तर वर्षभर तोंड लपवून फिरणारी बाई.

"दमले गं, डोरीन," लॅव्हॉन म्हणाली.

"कोण नाही दमलं! माझे गुडघे बघ."

"तसं नाही. मी हंड्याला दमले."

डोरीनचे हात क्षणभर थांबले. तिनं लॅव्हॉनकडे पाहिलं, मग पुन्हा कोंबडीकडे. "अगं, असं काय बोलतेस. तुझ्याशिवाय बूया म्हणजे... छे. एल्रेच्या हाताची चव तुझ्याच हातात उतरलीये. जरा कॉफी घे, बरं वाटेल."

लॅव्हॉननं कॉफी घेतली. बरं वाटलं नाही.

भीड भिकेची बहीण म्हणतात. डायनंटच्या लोकांना ही म्हण ठाऊक नाही, पण ती जगण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. लॅव्हॉन काही गावाबाहेरची नव्हती. "मला आता होत नाही, दुसरं कुणी बघा," हे वाक्य तिला शुक्रवारी म्हणता आलं असतं, शनिवारी म्हणता आलं असतं. त्याऐवजी तिनं जे केलं ते फक्त डायनंटच्या माणसालाच सुचेल. रविवारी सकाळी, बटाटे पडल्यावर, बूया दाट होऊन फुटक फुटक करायला लागल्यावर, तिनं ढवळणं थांबवलं.

वल्हं सोडलं नाही. ते हंड्यात उभं धरून ती नुसती उभी राहिली. करपायला लागेल, वास सुटेल, कुणीतरी धावत येईल, हातातून वल्हं काढून घेईल. तिला एवढंच हवं होतं.

जाळ बघायला गिल्बर्ट जादँ होता, एल्रेच्या बहिणीचा मुलगा, पन्नाशीचा, शाळेची बस चालवणारा, खांबासारखा उंच. किती उन्हाळे तो त्या हंड्याखाली लाकडं सारत आला होता. तो वाकलेला सरळ झाला आणि त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं.

"मामी?"

"काय?"

"काही नाही. ऊन चढतंय आज."

"चढतंय खरं."

तो एक पाऊल पुढे आला. त्याचा हात तिच्या हातापासून वीतभर अंतरावर आला आणि तिथून वळून पँटला पुसला गेला. मग तो खाली बसला आणि हंड्याखालची जळती लाकडं एकेक करून बाहेर ओढू लागला. तिनं ढवळावं असं तो म्हणाला नाही. आपण ढवळतो असंही म्हणाला नाही. करपणं कमी व्हावं म्हणून तो जाळ कमी करत राहिला, आणि ती जागची न हलता उभी राहिली. मैदानावर टेबलं मांडणारी माणसं बघत होती आणि आपण बघत नाही असं दाखवत होती. करपट वास सुटला. पाद्री फादर वायनँड चर्चच्या मागच्या दारात आले, नाक वर करून थांबले, आणि आत निघून गेले.

शेवटी तिनंच पुन्हा ढवळायला घेतलं. आता तळाचं काळं वर येऊ लागलं.

माणसानं किती गोड असावं याला काही सीमा? चर्चमधली मासची प्रार्थना संपल्यावर रांग लागली आणि एकाही पातेल्यानं पाठ फिरवली नाही. "वा, यंदा धुराचा वास छान लागलाय!" एक जण म्हणाला. "माझ्या आजोबांच्या वेळी अस्संच असायचं," दुसरा म्हणाला, ज्याचे आजोबा शेजारच्या राज्यातले, मिनेसोटाचे. बँकेतली निवृत्त बाई एक घास घेऊन बराच वेळ चघळत राहिली आणि म्हणाली, "वेगळं आहे." डायनंटमध्ये यापेक्षा वाईट शिवी नाही. पण तिनंही दोन पातेली भरून नेली. दुपारी हंडा रिकामा झाला, तळाला बोटभर काळा थर राहिला. पिकनिक समितीचा अध्यक्ष लॅव्हॉनच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चला, पुढच्या वर्षीची काळजी मिटली!" थाप नेमकी उजव्या खांद्यावर बसली.

ती डबा घेऊन नदीपलीकडे गेली. एल्रे खुर्चीत खिडकीशी बसला होता. तिनं त्याच्या गळ्याशी टॉवेल अडकवला, फुंकर घालून पहिला चमचा भरवला. एल्रेनं तो तोंडात फिरवला. त्याच्या चांगल्या बाजूची भुवई वर गेली. मग त्यानं सगळा घास टॉवेलवर थुंकला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याला गाईचा खुराक दिला होता.

लॅव्हॉन हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मग ते हसणं राहिलं नाही. साऱ्या गावात एक माणूस खरं बोलला होता आणि त्याला बोलता येत नव्हतं. तिनं टॉवेल गुंडाळला, त्याला कपातलं सफरचंदाचं गोड भरवलं, त्याच्या कपाळावर ओठ टेकवले. "तू बरोबर आहेस," ती म्हणाली. "घाण झालंय. मीच केलंय."

परतताना ती घरी वळली नाही. गिल्बर्टच्या घरापुढे तिनं गाडी उभी केली. तो अंगणात बागेच्या नळाखाली हंडा घासत होता. बाहीनं कपाळ पुसत तो उठला. "ये मामी. प्लमची पाई आणतो खायला, डोरीननं दिलीय."

"नको. एक सांगायला आलेय, ते सांगते आणि जाते. मला आता होत नाही, गिल्बर्ट. हात दुखतो, मला झोप येत नाही, मला त्या हंड्याचा वीट आलाय. पुढच्या वर्षी मी उभी राहणार नाही. सकाळी मी मुद्दाम थांबले होते."

इतकं सरळ ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती. आता तो "छे छे, असं कसं" म्हणेल, तुझ्याशिवाय कसं होणार म्हणेल, आणि आपण पुन्हा मान डोलावू, अशी तिला भीती वाटली.

गिल्बर्टनं नळ बंद केला. "बरं," तो म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे बरं. मी बघतो."

तो गॅरेजमध्ये गेला. ती मागोमाग गेली, कारण तो काही बोलला नव्हता आणि अंगणात एकटीनं उभं राहणं विचित्र वाटत होतं. गवत कापायच्या यंत्रामागे, भिंतीला टेकवून, जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते पुढे आणून चादर सोडली. नवं वल्हं होतं. पातं नीट तासलेलं, कडा गुळगुळीत, दांडा त्याच्या उंचीला पुरेल असा लांब. लाकूड अजून पांढरं होतं, बूयाचा डाग कुठेच नव्हता. फक्त वरच्या टोकाला धूळ साचली होती.

लॅव्हॉननं त्यावरून हात फिरवला. "कधी केलंस?"

"झाली चार वर्षं."

"चार वर्षं?"

"ओकोन्टो गावच्या माझ्या सासऱ्यानं लाकूड दिलं होतं. हिवाळ्यात काम नसतं ना, म्हणून..." तो थांबला. "तुझं घ्यायचं म्हणजे तुला काय वाटेल... आज सकाळी पण हात आला होता पुढे. नाही जमलं, मामी. मामा तिकडे. तुझ्याकडे एवढाच तर हंडा राहिलाय, असं सगळे म्हणायचे. तो पण काढून घ्यायचा?"

"सगळे म्हणजे कोण?"

"डोरीन. फादर. समितीचे सगळे. आमच्या घरी पण." तो वल्ह्याकडेच बघत होता.

तिला राग यायला हवा होता, आणि आलाही, पण तो कुणावर काढायचा हे तिला कळेना. ज्यांनी तिचा जीव घेतला होता त्यांनी तो प्रेमानंच घेतला होता. आणि तीही त्यांच्यातलीच होती. त्यांनी तोंड उघडलं नाही तसं तिनंही उघडलं नव्हतं. आज ती एका वाक्यात सुटली. हे वाक्य चार वर्षांपूर्वीही एवढंच होतं.

"चार वर्षं," ती हळू म्हणाली. "चार वर्षं मला रात्री या कुशीवर झोपता आलं नाही, गिल्बर्ट. खांदा असा ठणकायचा की उशीत तोंड खुपसून रडायचे."

गिल्बर्टनं मान खाली घातली.

"माहीत होतं मामी," तो म्हणाला. "आम्हाला सगळ्यांना माहीत होतं."