नाळेचा आंबा

"पाती, तुमी निस्तं येऊन हुबं ऱ्हावा. साहेब इचारंल तेवढं सांगा आन् घरला जावा."

"आन् त्यो आंबा?" सिबू म्हाताऱ्याने तोंडातली चिलीम काढली नाही. "आदी त्यो तोडू दे, मग येतो तुझ्या साक्षीला."

पॉमूने सुपारीची पिंक टाकली. "तोडा की. म्या मेल्यावर."

पाती म्हणजे काका; नातं नसलं तरी गावातल्या म्हाताऱ्याला आमच्यात तसंच म्हणायचं. भांडण जुनंच. पॉमू जन्मली तेव्हा बापाने तिची नाळ बांबूच्या नळकांड्यात घालून गावाच्या कडेच्या रानआंब्याला बांधली. आम्हा कारेन लोकांत ज्याची नाळ ज्या झाडाला, ते झाड त्याच्या जिवाचं. त्याला कुऱ्हाड लागली की माणूस अंथरुणाला खिळलाच म्हणायचा. पुढे सिबूने तो उतार फोडून भाताची खाचरं केली आणि आंबा नेमका मधल्या बांधावर आला. सावलीतलं भात सगळं पोचट. दर सुगीला म्हातारा पॉमूच्या दारात येऊन तिचा उद्धार करायचा, पण कुऱ्हाड त्याने कधी उचलली नाही.

आणि आता पॉमूचं घोडं त्याच्यापाशीच अडलं होतं. थायलंडच्या डोंगरात जन्मून केस पिकायला आले तरी ती त्या देशाची नव्हती. ही तिच्या बापाची करणी. माणसं मोजणारे डोंगरात आले तेव्हा त्यांनी विचारलं, कुठले तुम्ही? आमच्यात नवख्याला आधी वाडवडलांची नदी सांगायची, मग आपलं घर. बापाने ऐटीत साल्वीन नदीपल्याडपासून, म्हणजे ब्रह्मदेशापासून सुरुवात केली. तो घरापर्यंत पोचायच्या आत लिहिणारा पुढच्या झोपडीत गेलासुद्धा. सगळं घर पल्याडचं ठरलं. त्या पुढच्या झोपडीत सिबूचा बाप दारू पिऊन पडला होता. त्याच्या बायकोने "इथलेच" एवढंच सांगून दार लावलं, आणि ते घर थाई झालं.

पॉमूला स्वतःसाठी काही नको होतं. तिची लेक नोआ शहरात नर्सचं शिकत होती. आईचं नागरिकत्व लागलं तर लेकीचं लागणार, नाहीतर शिकूनही सरकारी दवाखान्याचं दार बंद. तालुक्याच्या साहेबाला साक्षीला नात्याबाहेरचा माणूस हवा होता, पॉमूचा जन्म ठाऊक असलेला. असा जिवंत एकटा सिबू उरला होता.

साहेब गावात आला त्या सकाळी सिबू म्हैस हाकत, सहज आल्यासारखा आला. ही इथं जन्मली हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का, असं साहेबाने विचारलं.

"बाळंतपण बगाया म्या काय सुईण हाय?" सिबू म्हणाला.

एवढ्या वर्षांचा राग म्हाताऱ्याने आज काढला, असंच पॉमूला वाटलं. पण सिबूने म्हशीचं दावं तिच्याच हातात दिलं आणि साहेबाला चला म्हणून खाचराकडे नेलं.

"ह्यो आंबा बगा. हिच्या बापानं नळकांडं बांदलं तवा म्या हितं शेळ्या राखत हुतो. ते कवाच कुजून गेलं. पर माजं भात बगा, सायेब. जवान हुतो तवापास्नं ह्यो मेला माजं भात खातोय. ही पल्याडची आसती, तर म्या ह्येला कवाच चुलीत घातला आसता."

साहेबाने बाकीचे बांध पाहिले. एकावरही झुडूप म्हणून नव्हतं. मग त्याने सावलीतली पिवळी, किडकिडीत रोपं पाहिली, हसला, आणि बांधावरच बसून जबाब लिहून घेतला. सिबूने अंगठा उठवला. कागद वर जाईल, अडायचं काही कारण दिसत नाही, नागरिकत्वाचं कार्ड पावसाळा सरल्यावर, असं सांगून साहेब डोंगर उतरला.

"कार्ड आल्यावर तरी तोडू का?" सिबूने विचारलं.

"कार्ड आलं म्हंजी आंबा बी थाई झाला. हात लावून बगा, पोलिसात देते."

सिबू काहीतरी पुटपुटत चिलीम पेटवायला बसला. गावात एकमेकांच्या खाचरातलं तण पाळीपाळीने काढायचं, आणि त्या दिवशी सिबूच्या खाचरात बेणणीची पाळी पॉमूच्या घराची होती. तिने म्हैस बांधाला बांधली, लुगडं वर खोचलं आणि सावलीतल्या वाफ्यापासूनच तण उपटायला सुरुवात केली.