अल कुसैसमधलं फिंकेनोल

आमच्या वर्कशॉपमध्ये नापास झालेला पत्रा कुणी टाकून देत नसे. पत्रा चांगला असतो, कधीतरी लागेल, म्हणून तो भिंतीला टेकवून ठेवायचा. किस्स्यांचंही तसंच झालं. एकाला एक टेकवत गेले आणि आता एखादा ओढायला जावं तर चार अंगावर येतात. मला लोकांत बोलता येत नाही. कुणी "सांग रे संतोष" म्हटलं की मी चहाचे कप गोळा करायला उठतो. म्हणून लिहून सांगतोय.

वर्कशॉप अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियात, शारजाच्या हद्दीजवळ. काम बोर्ड रंगवण्याचं. अक्षरं कापणारी मशीन तेव्हा नुकती येत होती, पण आमचा अरबी मालक हाताच्या कामावर खूश होता. हेड पेंटर होता डीटर साहेब. जर्मन, साठीला टेकलेला, लग्न न केलेला. त्याची एकच इच्छा होती आणि ती सगळ्या वर्कशॉपला पाठ होती. कॉन्ट्रॅक्ट संपलं की आपल्या गावी, फिंकेनोलला जायचं, आणि थोरल्या बहिणीबरोबर आईवडिलांच्या घरात राहायचं.

नवीन पेंटर आला की साहेब त्याची एकच परीक्षा घ्यायचा. पिवळा पत्रा, त्यावर काळ्या अक्षरांत 'फिंकेनोल'. जर्मनीत म्हणे प्रत्येक गावाच्या वेशीवर असाच पिवळा बोर्ड असतो. मास्किंग टेप लावायची नाही. "टेप इज फॉर पॅकिंग," साहेब म्हणायचा.

मी नववीत शाळा सोडलेली. खेडमध्ये रिक्षांच्या मागे नावं रंगवायचो, त्या जोरावर इथे आलो. पहिल्याच दिवशी पत्रा रंगवला. साहेब लांब जाऊन उभा राहिला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "नॉट येट."

पास झालेल्याला तो "गुड" म्हणायचा आणि मग खरे बोर्ड रंगवायला द्यायचा. तोपर्यंत पत्रे घासायचे, प्रायमर मारायचा, ब्रश धुवायचे. मी वर्षानुवर्षं ब्रश धुतले.

नापास पत्रे मात्र कामाला आले. चहाच्या शेडचं छप्पर फिंकेनोल. चपलांचा रॅक फिंकेनोल. मागे आमच्या खोल्या होत्या, तिथल्या संडासाचं दारही फिंकेनोल.

आमचा वेल्डर तुकाराम कराडकडचा. रोज सकाळी बादली उचलून म्हणायचा, "आलोच रे, साहेबाच्या गावाला जाऊन."

*

साहेबाचं म्हणणं असं, की गाव माहीत नसेल तर त्याचं नाव नीट लिहिता येणार नाही. म्हणून चहाच्या सुट्टीत तो जमिनीवर खडूने नकाशा काढायचा. हा ओढा. ही टेकडी. टेकडीखाली चर्च, चर्चपुढे लिंडनचं झाड, झाडासमोर आमचं घर. खालच्या अंगाला चिकणमाती, तिथे पूर्वी कौलांचा कारखाना.

तुकाराम उकिडवा बसून शेतकऱ्यासारखे प्रश्न विचारायचा. "ओढ्याला उन्हाळ्यात पाणी असतं का?" असतं. "माती काळी का तांबडी?" तांबडी. "मेयर कोण?" बेकरीवाला. तोच फायर ब्रिगेडचाही प्रमुख. "आणि माणसं किती?"

साहेबाने आमच्या खोल्यांकडे बोट दाखवलं. आमच्या आणि शेजारच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये मिळून जेवढी होती, त्याहून कमी.

तुकारामने जरा विचार केला. "म्हणजे साहेब, आमचा कॅम्प बॉस जर्मनीत मेयर झाला असता. आमच्या नशिबाने हितं आला."

*

एकदा साहेबाने गावाचा इतिहास सांगितला. आमच्याबरोबर दाऊदभाई होते. पिकअपवर माल आणायचे, मूळचे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, फॅमिली शारजात. साहेबाचं इंग्लिश अडलं की तेच आम्हाला समजावून सांगायचे, आणि आमचं मराठी साहेबाला.

फिंकेनोल पहिल्यांदा परक्या सैनिकांनी जाळलं. मग प्लेग आला, निम्मं गाव गेलं. मग दुसरे सैनिक आले, त्यांनी चर्चमध्ये घोडे बांधले. शेवटच्या युद्धात बॉम्ब पडला आणि कौलांचा कारखाना गेला.

"बरा गाव निवडलात तुम्ही," दाऊदभाई म्हणाले.

साहेबाला राग आला नाही. "बट एव्हरी टाइम, पीपल कम बॅक," तो म्हणाला. प्रत्येक वेळी लोक परत आले, तीच घरं पुन्हा उभी केली.

माझ्या वाडीत तेव्हा म्हातारी माणसं आणि कुत्री एवढंच उरलं होतं. दाऊदभाईंच्या मोहल्ल्यात तेवढंही नव्हतं.

तुकाराम म्हणाला, "आमच्या गावाला कुणी जाळायलासुदिक येत न्हाई, साहेब."

*

पिवळ्या बोर्डाला मागची बाजूही असते. गावातून बाहेर पडताना दिसते ती. तिच्यावर गावाचं नाव तेच, पण खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ मारलेली. इथे गाव संपलं, असा अर्थ.

"म्हणजे गाव सोडलं की गाव खलास?" तुकारामने विचारलं.

"येस. खलास," साहेब म्हणाला. त्याला अरबीतले दोनतीनच शब्द यायचे, त्यातला हा आवडता.

पण ती लाल रेघ त्याने आम्हाला कधी शिकवली नाही. कुणी हौसेने मागची बाजू रंगवायला घेतली की हातातला ब्रश काढून घ्यायचा. एके दिवशी दाऊदभाईंनी कारण विचारलं, तेव्हा कळलं. गावाखाली कोळसा सापडला होता. खाणीची मशीन शेजारच्या गावापर्यंत आली होती. लोकांना नवीन जागी नवीन घरं मिळत होती. नवीन गावाचं नावही फिंकेनोलच.

साहेबाची बहीण मात्र घर सोडायला तयार नव्हती. दर शुक्रवारी तो तिला फोन करायचा आणि शनिवारी आम्हाला बातमी द्यायचा. बेकरी बंद झाली. शाळा बंद झाली. चर्चची घंटा उतरवून नेली. रात्री मशीनचा आवाज घरात येतो.

"एकाच नावाची दोन गावं?" तुकाराम म्हणाला. "मग साहेब, नव्या गावाचे बोर्ड आपल्याकडनंच करून न्या की. माल तयार आहे."

सगळे हसले. साहेबही हसला, पण उशिरा. दाऊदभाईंनी त्याला काहीतरी वेगळंच सांगितलं असावं.

*

आमच्या गल्लीला नाव नव्हतं. नवीन गिऱ्हाईक हमखास चुकायचं. म्हणून दाऊदभाईंनी गल्लीच्या तोंडाशी खांबाला एक नापास पत्रा बांधला, खूण म्हणून. तो माझा होता. त्यातल्या 'के'चा पाय जरा लंगडा होता.

पुढच्या हिवाळ्यात फुजैराहून एक हॉटेलवाला आला. मी त्याला विचारलं, पत्ता सापडायला त्रास झाला का? तो म्हणाला, त्रास कसला, टॅक्सीवाल्याला वर्कशॉपचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "ऐसा बोलो ना, फिंकेनोल जाना है."

मी साहेबाला जाऊन सांगितलं. वाटलं, खूश होईल.

त्याने हातातला ब्रश पुसला, पुन्हा पुसला. म्हणाला, "देअर, मॅप फ्रॉम दिस इयर, नो फिंकेनोल." तिकडच्या यंदाच्या नकाशातून नाव काढून टाकलं होतं.

*

एका वर्षी साहेब कधी नव्हे तो आठवड्याची सुट्टी घेऊन गावी गेला. कबरस्तान हलवणार होते. आईवडिलांना नवीन गावात न्यायचं होतं.

परत आल्यावर दाऊदभाईंनी विचारलं, तुमच्याकडे कबर अशी उकरतात?

साहेब म्हणाला, उकरायची वेळ एरवीही येते. तिकडे कबरीची जागा ठरावीक वर्षांसाठीच मिळते. मुदत संपली की घरच्यांनी वाढवून घ्यायची. वाढवायला कुणी नसेल तर दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात.

तुकारामला ते पटेना. "म्हणजे मेल्यावरपण व्हिसा?"

"येस."

"रिन्यूपण करावा लागतो?"

"येस."

"आणि स्पॉन्सर नसला तर?"

साहेबाने जमिनीकडे बघत हात उडवला. दाऊदभाईंनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला आणि गाडी धुवायला गेले. गाडी सकाळीच धुतलेली होती.

*

दाऊदभाईंची मुलगी सना शारजात शाळेत होती. त्यांना एकदा टीचरने बोलावून घेतलं. वर्गात 'माय नेटिव्ह प्लेस' या विषयावर लिहायला सांगितलं होतं. सनाने छान लिहिलं होतं. ओढा, टेकडी, चर्च, लिंडनचं झाड, बेकरीवाला मेयर. टीचरने विचारलं, आपण नक्की कुठले?

घरी येऊन दाऊदभाईंनी तिला समोर बसवलं. "बेटा, हा तर साहेबाचा गाव. आपला गाव रत्नागिरीकडे."

सना म्हणाली, "बट अब्बा, यू नेव्हर टॉक अबाउट अवर्स."

मग दाऊदभाईंनी सांगितलं. समुद्र आहे, माड आहेत, दोन माळ्यांचं घर आहे, आजोबांनी बांधलेलं.

"हू लिव्हज देअर?"

तिथे कुणी राहत नव्हतं. दाऊदभाईंनी कपाटातून घराची चावी काढून दाखवली. चांगली वीतभर लांब, जुनी, लोखंडी. पोरीने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "इज इट अ म्युझियम?"

हे आम्हाला सांगताना दाऊदभाई हसत होते. आम्हीही हसलो. मग कुणीतरी रेडिओ लावला.

*

साहेबाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा मालकाने खोर फक्कानचं एक मोठं काम घेतलं होतं. "हे एवढं करून दे हबीबी, मग जा, इन्शाल्ला." ते झालं, तर पुढचं निघालं. साहेबाला नाही म्हणता येत नव्हतं. त्या बाबतीत तो माझ्यासारखाच. शुक्रवारच्या फोनवर बहीण म्हणायची, मी दार धरून बसलेय, लवकर ये.

अखेर तो गेला. केक कापला, सगळ्यांशी हात मिळवले. मी शेवटचा पत्रा रंगवून दाखवला. त्याने लांबून एक डोळा मिटून पाहिलं. "नॉट येट," म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून टॅक्सीत बसला. आम्हाला वाटलं, सुटला बिचारा. आता झाडासमोर खुर्ची टाकून बसेल.

महिनाही झाला नसेल. एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली आणि साहेब उतरला. तीच बॅग. ड्रायव्हर पठाण होता, आमच्या ओळखीचा. त्याने नंतर सांगितलं, की एअरपोर्टवर कुठे जायचं विचारलं तर म्हातारा म्हणाला, "फिंकेनोल." मग लगेच, "सॉरी, सॉरी. अल कुसैस."

"मैंने बोला, एक ही बात है साब. बैठो."

आम्ही सगळे धावत गेलो. दाऊदभाईंनी बॅग घेतली. "सिस्टर?" त्यांनी विचारलं.

"न्यू हाउस. न्यू चर्च. स्मॉल ट्री." साहेबाने गुडघ्याएवढी उंची हाताने दाखवली.

"आणि आपलं घर?"

साहेब पोचायच्या आदल्या आठवड्यात ते पाडलं होतं. तो खाणीच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला होता. घर कुठे होतं ते त्याने दाखवायला घेतलं. एक बोट समोर केलं, मग ते हवेतच राहिलं.

"घर पडलं तरी जागा असती की," तुकाराम म्हणाला. "आमच्याकडं घरं पडली, पण जागा हाय. जमीन कुठं जाती?"

"नो जमीन," साहेब म्हणाला. "ओन्ली एअर."

तुकाराम पाणी आणायला गेला. साहेब खांबाला बांधलेल्या माझ्या पत्र्याकडे बघत होता. उन्हाने त्याचा पिवळा रंग विटला होता. मग त्याने माझ्याकडे वळून लाल रंग मागितला.

मी डबा आणला, रुंद ब्रश आणला, स्टूल आणलं. सवयीने टेपही आणली होती, ती खिशात ठेवली. साहेब स्टुलावर चढला. ब्रश बुडवला आणि खालच्या डाव्या कोपऱ्याशी नेला. पण तो पत्र्याला टेकलाच नाही, लाल थेंब त्याच्या बुटावर पडत राहिले. दाऊदभाईंनी त्याला धरून खाली उतरवलं.

त्याने ब्रश माझ्या हातात दिला.

मी स्टुलावर चढलो. श्वास धरला आणि खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत, लंगड्या 'के'वरून, एका दमात रेघ ओढली. कुठे थांबलो नाही.

खाली उतरून बाजूला झालो. साहेब मागे मागे चालत गल्लीच्या पलीकडे गेला आणि एक डोळा मिटला.

"गुड," म्हणाला.