बंदुकीत घातलेलं खोबरेल

जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते ना, तसलीच ती होती. अमेरिकेत जाऊन म्हातारा बंदूक चालवायला लागला म्हटलं की लोकांना काहीतरी भलतंच वाटतं. तसं काही नाही. नळी बुडाशी मोडायची, म्हणजे खाली वाकवायची, की आतली स्प्रिंग दाबली जाते. शिशाचा बारीक छर्रा नळीत ठेवायचा, नळी सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, हवेला धक्का बसतो आणि छर्रा जातो. पंधरा-वीस पावलांवरचा रिकामा डबा पाडतो, फार तर त्याला पोचा पाडतो. एवढाच तिचा जोर. पण मजा मात्र एवढीशी नव्हती.

बंदूक शेजाऱ्याची होती. ती माझ्या हातून बिघडली. यंत्र आहे, बिघडतं, त्याचं मला काही नाही. त्यानंतर मी जे केलं त्याची लाज वाटते. आठवणी लिहायला बसलो तेव्हा हे पान गाळायचं असंच ठरवलं होतं. दोनदा गाळलंही. मग बाकीची पानं खोटी वाटायला लागली.

मी चौथी पास. पाचवीत नापास झालो असंही म्हणता येत नाही, कारण परीक्षेला बसलोच नाही. साखर कारखान्यात एकतीस वर्षं ऑइलमन होतो. हातात तेलाची बुधली घेऊन मशिनीच्या बेअरिंगांना तेल घालत फिरायचं, हे काम. ऐकायला हलकं आहे. पण माझ्या पाळीत एकही बेअरिंग कधी तापून बसलं नाही, हे मी कोणालाही सांगायचो, विचारलं नाही तरी सांगायचो. नुसत्या आवाजावरून कुठलं चाक कोरडं आहे ते मला कळायचं.

बायको गेल्यावर मुलगा म्हणाला, इकडे या. म्हणून नेपरव्हिलला आलो. साल त्र्याऐंशी असेल. मुलगा सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचा तो अंधार पडता पडता यायचा. दिवसभर घरात मी आणि सून. सून पुण्याची, शिकलेली, बोलायला मऊ. मला इंग्रजी येत नव्हतं आणि शिकणार नाही असं मी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. त्यामुळे दारावर कोणी आलं, फोन वाजला, पोस्टमन काही बोलला, की माझी जीभ म्हणजे ती.

शेजारी माझ्याच वयाचा. रेल्वेत फोरमन होता, रिटायर झालेला. दुपारी चारच्या सुमाराला मागच्या अंगणात फळीवर सहा डबे मांडायचा, मागे कागद भरलेलं जाड खोकं ठेवायचा, आणि खुर्चीत बसून एकेक डबा पाडायचा. मी कुंपणापाशी उभा राहून बघायचो. एक दिवस त्याने हाताने बोलावलं आणि बंदूक माझ्या हातात दिली.

लहानपणी जत्रेत फुग्यांवर पुष्कळ नेम धरला होता. सहातले पाच डबे पाडले. तो ओरडला, ‘‘गुड शॉट!’’ एवढं मला कळलं. मग रोजचंच झालं. पैज नाही, काही नाही. तो सहा मारणार, मी सहा मारणार. मी जिंकलो तर तो टोपी काढायचा. तो जिंकला तर मी तोंड फिरवायचो आणि तो पोट धरून हसायचा. चाप ओढल्यावर खांद्याला तो हलका झटका, मग क्षणभराने डब्याचा टण्ण आवाज. त्या क्षणभरात मी कोण, कुठून आलो, घरी कोण नाही, काही आठवत नसे. चार वाजायची वाट मी दुपारी एकपासून बघायचो. तसं कबूल मात्र केलं नाही कधी. सुनेला म्हणायचो, ‘‘जाऊन येतो, तो बिचारा एकटाच खेळतो.’’

शेजाऱ्याची बायको माझ्या सुनेला गाडी शिकवत होती. मुलाकडे सबुरी नव्हती. दोनदा शिकवायला गेला आणि दोन्ही वेळा ती रडत परत आली. मग ही बाई म्हणाली, मी शिकवते. दर मंगळवारी दहाला आमच्या दारात तिचा हॉर्न वाजायचा. परत आल्यावर दोघी आमच्या ओट्याशी कॉफी घेत बसायच्या आणि इतक्या हसायच्या की मी रेडिओ मोठा करायचो. तिथे गाडी येत नसेल तर माणूस घरात कोंडलेलाच. सुनेचा सगळा जीव त्या मंगळवारात होता.

एकदा शेजाऱ्याने बंदूक मोडून नळीच्या मागचं बारीक भोक मला दाखवलं आणि बोट हलवत बरंच काही बोलला. मी सुनेला हाक मारली. ती कणकेच्या हातांनीच कुंपणापाशी आली.

‘‘बाबा, ते म्हणतात, ह्या भोकात तेल अजिबात घालायचं नाही. आत हवा दाबली गेली की तापते, तेल पेट घेतं. स्प्रिंग तुटते.’’

‘‘तेल पेट घेतं? त्याला सांग, एकतीस वर्षं तेलच घातलंय मी. तू रेल्वेत शिट्ट्या मारत होतास तेव्हा.’’

‘‘हे सांगू?’’

‘‘सांग की. घाबरतेस काय?’’

ती त्याला दोन शब्द बोलली. तो खूश होऊन मान हलवू लागला.

‘‘काय सांगितलंस?’’

‘‘म्हटलं, बाबा लक्षात ठेवतील.’’

ऑक्टोबरात तो चार दिवस मासे पकडायला गेला. जाताना त्याने कुंपणावरून बंदूक आणि छर्ऱ्यांची डबी माझ्याकडे दिली, माझी पाठ थोपटली आणि गेला. माझ्या मुलानेही कधी स्वतःच्या वस्तूला मला असा हात लावू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी थंडी पडली. नळी मोडताना बंदूक कुईं करून कण्हायला लागली. कोरडं यंत्र मला ऐकवत नाही. गावाकडे सायकलच्या पंपाचा कातडी वायसर सुकला की आपण काय करतो? चार थेंब खोबरेल घालतो, पंप लगेच हवा धरतो. ही बंदूक म्हणजे तरी काय, पंपच. मी सुनेची खोबरेलाची बाटली घेतली. थंडीने तेल गोठून पांढरं झालं होतं, म्हणून पातेल्यात गरम पाणी घेऊन बाटली त्यात उभी केली.

‘‘डोक्याला लावायचंय का बाबा? द्या, मी गरम करून देते.’’

‘‘माझं मी बघतो.’’

बाहेर जाऊन त्या भोकात तेल ओतलं. चार थेंब नाही. ऑइलमनचा हात, सढळ पडला. चाप ओढला तर फटाका फुटावा तसा आवाज झाला, नळीतून धूर आला आणि सगळ्या अंगणात जळक्या खोबऱ्याचा वास सुटला. डबा आरपार. खोक्याच्याही पलीकडे जाऊन छर्रा कुंपणाच्या फळीत रुतला. मला काय वाटावं? भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, बघ लेका, तुझ्या बंदुकीला मी जीव आणला. मी पुन्हा मारला. पुन्हा. दहा-बारा वेळा मारला आणि मग आत कडकन काहीतरी तुटलं. नळी मोडून बघितली तर विरोधच नाही, खांद्यातून निखळलेल्या हातासारखी लोंबत राहिली.

सुनेने खिडकीतून आवाज ऐकले होते. बाटली अर्धी झालेलीही तिने बघितली होती. तिने ती पुसून जागेवर ठेवली.

शेजारी परतला त्या दुपारी मी तिला म्हटलं, ‘‘चल, त्याला सांगायचंय.’’

तिला बरं वाटलं असावं. पदर खोचून लगेच निघाली. दारातच मी म्हणालो, ‘‘सांग, बंदूक जुनी होती. स्प्रिंग आधीच झिजली होती. मी दोनच छर्रे मारले आणि तुटली.’’

ती थांबली. ‘‘बाबा, तुम्ही त्यात तेल घातलंत ना?’’

‘‘मी काय सांगतो ते सांग.’’

‘‘माझ्याकडून नाही होणार हे. मी त्यांना शब्द दिला होता.’’

‘‘तू माझी सून आहेस की त्याची? इंग्रजी येतं म्हणून मला शिकवणार? नसेल सांगायचं तर तिकीट काढून द्या माझं, मी जातो गावाला. ह्या घरचं पाणीही नको मला.’’

मी हे बोललो. शेजारी कुंपणापलीकडे उभा होता, त्याला भाषा कळत नव्हती, म्हणून तो आमच्याकडे बघून हसत होता. सून पुढे गेली. खाली बघत तिने इंग्रजीत सांगितलं. बंदूक हातात घेऊन तो बराच वेळ काहीतरी बोलला, मग माझा हात हातात घेतला.

‘‘काय म्हणतो?’’

‘‘सॉरी म्हणतात. जुनी बंदूक तुमच्या हातात द्यायला नको होती, तुम्हाला लागलं असतं, म्हणतात.’’

एवढं सांगून ती आत निघून गेली. तो माझा हात हलवतच होता.

तो फोरमन माणूस. आठवड्याने त्याने बंदूक उघडली. त्याची बायको एका झाकणात पांढरं, मेणासारखं काही घेऊन आमच्या दारी आली. आतल्या सगळ्या भागांना हे माखलं होतं, म्हणाली; मला हे सुनेने नंतर सांगितलं. उन्हाळ्यात तळ्याकाठी अंगाला लावतात त्या तेलासारखा वास येतोय, तुला काही माहीत आहे का? सून काहीच बोलली नाही. सासऱ्याचं नाव कसं घेणार? ती बाई झाकण घेऊन परत गेली. जे समजायचं ते समजली असणार, पण खोटं बोललं गेलं होतं ते माझ्या सुनेच्या तोंडून.

मंगळवारी दहा वाजले. सून पर्स घेऊन सोफ्यावर बसली होती. साडेदहाला तिने पर्स आत ठेवली.

पुढे बर्फ सुरू झालं. मुलाने जेवताना विचारलं, ‘‘तुझ्या ड्रायव्हिंगचं काय झालं गं? टेस्ट पोस्टपोन केली?’’

‘‘बर्फात नको वाटतं. बघू नंतर.’’

समोर मी भाकरी खात होतो. वर बघितलं नाही.

तो सगळा हिवाळा ती चालत दुकानात जायची. जाऊन-येऊन तासाभराची वाट. दोन्ही हातांत दुधाचे मोठे कॅन घेऊन बर्फातून सावकाश येताना मी तिला खिडकीतून बघायचो. एकदा न राहवून दार उघडलं आणि पायरी उतरायला लागलो. ती लांबूनच ओरडली, ‘‘बाबा, राहू द्या, तुम्ही घसराल!’’ मी परत आत आलो. ह्या एका गोष्टीसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. उतरायला हवं होतं.

मार्चमध्ये बर्फ वितळलं. शेजाऱ्याने फळीवर डबे मांडले. बंदूक दुरुस्त झालेली होती. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी मी सुनेला म्हणालो, ‘‘मला तीन वाक्यं इंग्रजीत शिकव. तेल मी घातलं. खोटं मी बोललो. ही आपणहून नाही बोलली, मी बोलायला लावलं.’’

ती भाजी निवडत होती. ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, ‘‘सावकाश म्हणा माझ्या मागे.’’

चार दिवस लागले. जीभ वळत नव्हती. मी देवनागरीत कागदावर लिहून घेतलं, आंघोळ करताना म्हटलं, मशिनीच्या नावांसारखं घोकलं.

कुंपणापाशी गेलो. सून माझ्या बाजूला उभी राहिली. मी तिन्ही वाक्यं म्हटली. शेजारी ऐकून घेत होता. त्याने मान हलवली, पण हात पुढे केला नाही. घराकडे वळून बायकोला हाक मारली, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला ते मला सुनेशिवाय समजलं. हिला सांग, म्हणाला.

ती ओले हात पुसत बाहेर आली. मी पुन्हा सुरुवात केली. दोन वाक्यं झाली आणि तिसरं आठवेना. नेमकं सुनेचं. मी सुनेकडे बघितलं. एरवी माझ्या तोंडात शब्द घालणारी ती, त्या वेळी गप्प उभी राहिली. सुचवलं नाही. तिघंही वाट बघत होते. पळून जावंसं वाटलं. शेवटी आठवलं, तुटक तुटक म्हटलं. त्या बाईने माझ्याकडे बघितलंही नाही. ती सुनेला काहीतरी बोलली आणि आत गेली.

मंगळवारी हॉर्न वाजला. उन्हाळ्यात सून टेस्ट पास झाली. पण त्या दोघी परत आल्यावर ओट्याशी कॉफी घेत बसायच्या ते मात्र पुन्हा झालं नाही. बाई दारातूनच निरोप घ्यायची. शेजाऱ्याने एकदा बंदूक माझ्यापुढे धरली होती. मी मान हलवून नको म्हटलं. अंगात ताठा होता तो काही गेला नव्हता.

परक्या माणसापुढे परक्या भाषेत बोललो, ते काही मोठं नव्हे. सुनेला मराठीत मी काहीच म्हटलं नाही. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो होतो, म्हणायचं ठरवूनच. ती पाठमोरी होती. ‘‘चहा टाकतेस का?’’ एवढंच बाहेर पडलं. तिने चहा टाकला.

आता ती पन्नाशी ओलांडलेली आहे. डॉक्टरकडे मला तीच गाडीने नेते, बर्फातसुद्धा. बाजूला बसलो की दर वेळी वाटतं, आज बोलून टाकावं, रस्त्यावर नजर असते तिची, तोंडाकडे बघावं लागणार नाही. घसा साफ करतो. ती म्हणते, ‘‘बाबा, पट्टा लावा.’’ मी पट्टा लावतो, आणि आम्ही निघतो.