तळ्यातला मुका तुकडा

तळ्याच्या पंपावर वडिलांच्या जागी लागून पंपवाल्याला वीस वर्षं झाली होती. बेडकांचं बोलणं ओळखायलाही वडिलांनीच शिकवलं होतं. हल्ली मात्र म्हाताऱ्याला घरची माणसंही ओळखू येत नसत. त्या संध्याकाळी तो सगळ्यांची नजर चुकवून निघाला, तो थेट तळ्याकडे. अर्धी वस्ती काठावर हाका मारत फिरू लागली, आणि त्या गलक्याने झाडून सगळे बेडूक गप्प झाले.

"सगळे खाली बसा! कुणी हूं की चूं करू नका," पंपवाला ओरडला.

"मामंजी हरवलेत आणि बसा काय म्हणता? डोकं ठिकाणावर आहे का?" बायको कडाडली.

"बस म्हटलं ना!"

सगळे बसले. पंपवाला कान देऊन ऐकू लागला. बऱ्याच वेळाने पलीकडच्या काठावर एक नर डरावला, दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं, आणि बघता बघता तळं दणाणून गेलं. फक्त उजवीकडच्या लव्हाळ्यात एक तुकडा मुका होता. पाणी कुणी ढवळलं की तिथले बेडूक तेवढे मुके होतात. आणि तो मुका तुकडा सरकत होता, खोल पाण्याकडे.

पंपवाला जीव खाऊन धावला. छातीभर पाण्यात त्याने वडिलांचा दंड धरला.

"कोण रे तू मेल्या? सगळ्यांना गप्प केलंस!" म्हातारा खेकसला. "माझा पोरगा बघ, इथे ऐकत बसला की तासभर हलत नाही. त्यालाच शोधतोय मी."