घंटी खाली येणार नाय

आधी डावा हात वर. टाचा उचललेल्या, बोटं ताठ. मग उजवा. दोन्ही हातांची बोटं एका रेषेत आली का, ते मान वर करून बघायचं आणि आली नसतील तर उजव्या हाताला समजावायचं, "ये रे बाबा, तुझा भाऊ वर थांबलाय." चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यामागं एक कडुनिंब होता. त्याच्याखाली रोज सकाळी, पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी, हा कार्यक्रम चालायचा. गेटवरचा वॉचमन नव्या माणसाला सांगायचा, "योगासनं करतोय." योगासनं कसली डोंबलाची! त्याची बोलिंग हरवली होती आणि ती तो शोधत होता.

मी पिशोरचा. घरी शेळ्या-मेंढ्या, थोडी कोरडवाहू जमीन. कारखान्यात लागलो तेव्हा माझ्या शेजारच्या लेथवर हा उभा. पहिल्या दिवशी लोक नाव विचारतात, गाव विचारतात, मग फिरून फिरून जात विचारतात. ह्यानं विचारलं, "कीपिंग येती का?"

मी म्हटलं, "नाही हो, मला शेळ्या अडवता येतात."

"मग झालं तर. शेळ्या चाळीस असत्यात, चेंडू एकच असतो."

त्या दिवसापासून कारखान्यात माझं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं. बाकी सगळ्यांना मी कीपर. मी त्याला भाऊ म्हणायचो.

त्याची बोलिंग तुम्ही बघायला हवी होती. फार पळायचा नाही, दहा-बारा पावलं. पण शेवटच्या पावलाला उजवा दंड कानाला घासून सरळ वर जायचा आणि चेंडू पार वरून, बोटांच्या टोकावरून सुटायचा. तिथून सुटलेला चेंडू खाली पडून असा उसळायचा की माझे तळवे संध्याकाळपर्यंत झिणझिणायचे. भाकरी मोडता यायची नाही. आणि अपील! एकदा त्याचं अपील ऐकून कॅन्टीनच्या आचाऱ्याला वाटलं, भोंगा झाला. त्यानं पंधरा मिनिटं आधीच ताटं मांडली.

ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून औरंगाबाद पेटलं होतं आणि खेड्यापाड्यांतून रोज वाईट बातमी यायची. काल एका बाकावर डबा खाणारी माणसं आज दोन बाकांवर बसायला लागली. मीही दोन दिवस दुसऱ्या बाकावर बसलो, खोटं कशाला सांगू? तिसऱ्या दिवशी त्यानंच हाक मारली, "क्या कीपर, रास्ता भूल गये क्या मियाँ?" मी मुकाट्यानं डबा उचलून त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्यानं मिरचीचा ठेचा पुढं सरकवला. त्यावर आम्ही कधी बोललो नाही, पण त्या दोन दिवसांची मला आजही लाज वाटते.

मग नामांतर व्हावं म्हणून निघालेल्या एका मोर्चात त्याच्या उजव्या खांद्यावर लाठी बसली. हाड मोडलं, आणि तसल्या हातानं काही दिवस तुरुंगातही गेले. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. कामावर परत आला तेव्हा त्याला लेथ झेपेना, म्हणून तपासणीच्या टेबलावर बसवलं. जवळजवळ दोन वर्षं त्यानं चेंडूला हात लावला नाही.

ज्या दिवशी लावला, तो दिवस मला विसरायचाय, पण विसरता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे मैदानावर जमले होते. तो पळत आला, अगदी पूर्वीसारखा. पण दंड कानापर्यंत गेलाच नाही. खांद्याच्या बरोबरीला येऊन अडला, हात गोफणीसारखा आडवा फिरला आणि चेंडू सुटला तो थेट कॅन्टीनच्या दारात, वरणाच्या पातेल्यात. हसण्याचा एकच कल्लोळ झाला. मीही हसलो. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी बोललं, "मोर्च्यात जायला कुणी सांगितलं होतं?"

तो वळला. आवाज चढवला नाही. "खांदा माझा व्हता ना? तुझा मागितला व्हता का?"



आमच्या टीमचे कॅप्टन ऑफिसातले एक साहेब होते. वाईट माणूस नव्हता. त्यांनी त्याला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, "तू आता स्कोअर लिहीत जा. त्यातही मान आहे."

"लिहिणारे लई हायेत, साहेब. टाकणारा मी एकटा."

दोन महिन्यांनी कारखान्यांच्या स्पर्धा होत्या. शेवटी ठरलं असं, की सामन्याच्या आदल्या दिवशी त्यानं साहेबांना एक ओव्हर टाकून दाखवायची. जमली तर टीममध्ये. नाही जमली तर स्कोअरची वही, कायमची. साहेबांना वाटलं, आपण सवलत दिली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "भाऊ, एवढं काय जीवावर घ्यायचं? खेळ तर आहे."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता एक ठेवून देतो. "कीपर, हात गेला तर ती लाठी बरोबर जागी बसली असं व्हईल. मी ती बरोबर बसू देणार नाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडं घंटी मागितली. आमच्या कळपात पुढं चालणाऱ्या शेळीच्या गळ्यात पितळेची घंटी असते, हे मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं. मी पिशोरला गेलो. वडील म्हणाले, "घंटीबिगर ती शेळी हालत नाय. मानसाला कशाला पायजे?" मी सांगितलं. तसे ते स्वतः उठले आणि घंटी सोडून घेऊन आले. येताना एसटीत ती पिशवीत वाजायला लागली. ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरनं बेल दिली, त्यानं गाडी दोनदा माळावर थांबवली. कंडक्टरनं माझा जो उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही. पुढचा सगळा रस्ता मी ती घंटी टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरून बसलो.

कडुनिंबाच्या फांदीवरून त्यानं दोरी टाकली. एका टोकाला घंटी, दुसरं टोक खोडाला कमरेएवढ्या उंचीवर बांधलेलं. घंटी किती उंच हवी, ते त्याच्या धडधाकट डाव्या हातानं ठरवलं. टाचा उचलून डाव्या हाताची बोटं जिथं टेकली, तिथं घंटी. तिच्याखालून पळत येऊन चेंडू टाकायचा आणि चेंडू सुटता सुटता उजवी बोटं घंटीला लागली पाहिजेत. हात सरळ वर गेला तरच ती वाजणार, आडवा फिरला तर गप्प.

पहिला आठवडा ती गप्प. दुसराही गप्प. मी म्हटलं, "सुरुवातीला जरा खाली घेऊ. मग रोज थोडी वर नेऊ."

"घंटी खाली येणार नाय. हात वर जाईल."

हेच वाक्य मी त्या दोन महिन्यांत किती वेळा ऐकलं! जरा खाली घे म्हणून आचारी म्हणाला, साहेब म्हणाले, कंपनीचे डॉक्टर म्हणाले. सगळ्यांना एकच उत्तर. त्याची बायको रोज रात्री तेल गरम करून खांदा चोळून द्यायची. सकाळी हा परत झाडाखाली हजर. चेंडू कुठंही जायचे. मी बाभळीत शिरून काढायचो, गटारातून काढायचो. शेळ्या परवडल्या!

पाचव्या आठवड्यात एका सकाळी चेंडू टाकून तो तिथंच खाली बसला. खांदा धरून, दात आवळून. डोळ्यांत पाणी. मला ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आधी येऊन खोडावरची गाठ सोडली आणि घंटी तीन बोटं खाली घेतली. फक्त तीन. म्हटलं, एकदा वाजली की माणसाला हुरूप येईल. चांगल्या मनानंच केलं होतं हो मी.

तो आला, हात चोळले, पळाला. टण!

मी हातमोजे हवेत उडवले. "भाऊ! वाजली, भाऊ!"

तोही हसला. पण त्याला रोजची सवय. वळून घंटीखाली उभा राहिला, टाचा उचलल्या, डावा हात वर केला. बोटं घंटीच्या वर गेली. तो तसाच उभा राहिला, हात वर करून. मग खाली न बघताच विचारलं, "कुणी केलं?"

"मी. थोडंच घेतलं भाऊ. तीन बोटं."

"थोडंच." त्यानं हात खाली घेतला. "आम्हाला जो भेटतो तो म्हणतो, थोडंच कमी घ्या. पुढारी म्हणतो, साहेब म्हणतो. म्हटलं, ह्यो शेळ्यावाला तरी नाय म्हणणार."

त्यानं दोरी दातात धरून ओढली, डाव्या हातानं पहिल्या जागी गाठ मारली आणि चेंडू उचलून परत मागं गेला. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पण कीपिंग मीच करायचो. तो टाकायचा, मी आणून द्यायचो, तो घ्यायचा. एक शब्द नाही. त्या आठ दिवसांत मी एकही चेंडू सोडला नाही, ह्याची नोंद कुणीतरी घ्यायला हवी होती.

नवव्या दिवशी घंटी वाजली. जरा दबकीच, पण वाजली. त्यानं डावा हात लावून बघितला, मी बघितलं, आणि मग तो पहिल्यांदा बोलला. "चहा घेतो का कीपर?"

सामन्याच्या आदल्या दिवशी साहेब स्वतः पॅड बांधून झाडासमोर उभे राहिले. पहिले दोन चेंडू बाहेर गेले. साहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. तिसऱ्याला घंटी टणकन वाजली, चेंडू पडला, उसळला आणि साहेबांच्या बॅटवरून माझ्या हातमोज्यात येऊन आदळला. तळव्यांना ती जुनी झिणझिण! मला रडूच आलं. चौथ्या चेंडूला मधला स्टंप गेला.

"चालेल," साहेब म्हणाले.

"चालेल नको, साहेब. नाव लिहा. पुरं लिहा."

साहेबांनी तिथंच खिशातून पेन काढलं. सामना आम्ही हरलो, ते सोडा. त्यानं दोन विकेट घेतल्या.

त्यानंतर किती वर्षं गेली. एक दिवस विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. जुनं नाव राहिलं, त्याला नवं जोडलं. मागणी होती नामांतराची, मिळाला नामविस्तार. त्यानं सगळ्या खात्याला पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवताना म्हणाला, "वाजली कीपर. लई आनंद झाला." मग माझा हात न सोडता पुढं म्हणाला, "पण तीन बोटं खाली बांधलीय. ध्यानात ठेव."

आता तो नाही. गेल्याचं मला उशिरा कळलं, अंत्ययात्रेला पोचता आलं नाही. कारखानाही बंद पडलाय. परवा त्या बाजूला गेलो होतो, वॉचमननं ओळख ठेवून आत सोडलं. मैदानात गवत माजलंय. कडुनिंब आहे. आणि घंटी आहे, हिरवी पडलेली, त्याच जागी. वडील जाईपर्यंत विचारत राहिले, "आपली घंटी कधी आणतो?" मी कधी आणली नाही.

मी खाली उभा राहिलो. टाचा उचलल्या. बोटं ताणली. लागेना. मी त्याच्यापेक्षा बुटका, हे तो असताना कधी जाणवलं नव्हतं. बरोबर तीन बोटं कमी पडत होती.

खोडावरची गाठ कमरेएवढ्या उंचीवर, हाताशीच होती. मी तिला हात लावला नाही. पुन्हा टाचा उचलल्या.