ज्या काकूंना दिसायचं नव्हतं

"मला अशी कापडं सांगा, की मी कुणाला दिसाय नको."

काकूंनी हे खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं. मला वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक झाली. म्हणून मी म्हटलं, "म्हणजे जाड दिसायला नको, असं म्हणताय का?"

"न्हाय हो. जाड हाय ती हाय. रस्त्यानं गेलो तर मी हाय असं कुणाला कळाय नको."

मी पर्सनल स्टायलिस्ट आहे. कुणाच्या अंगाला कुठला कट बसतो, कुठला रंग खुलतो, कुठल्या प्रसंगाला काय घालावं, हे सांगणं माझं काम. कोल्हापूरच्या राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे, खाली सराफाचं दुकान. मी कपडे विकत नाही. क्लायंटबरोबर बाजारात हिंडून निवडते, आणि मिळत नाही ते आमच्या दिलीप मास्तरांकडून शिवून घेते. इतकी वर्षं हे काम करतेय. येणारी प्रत्येक बाई शेवटी एकच मागते, चारचौघींत उठून दिसायचंय. उलटी मागणी घेऊन आलेली ही पहिलीच.

मी नाव विचारलं. "पाटील लिवा," त्या म्हणाल्या. कोल्हापुरात पाटील एवढं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. फोन नंबर द्यायला तयार नव्हत्या. मी नव्या क्लायंटचा एक फोटो काढून ठेवते, नंतर फरक बघायला बरा पडतो. मोबाइल वर केला तर त्यांनी पदर तोंडावर घेतला.

"फोटो नको. आणि कापडं हितंच ऱ्हातील. मी हितं येऊन बदलून जाणार, परत येऊन बदलणार. चालंल का?"

"घरी का नाही नेत?"

"चालंल का, तेवढं सांगा."

मी हो म्हटलं, पण मला ते बरं वाटलं नाही. काकू पंचावन्नच्या पुढच्या. अंगावर ठळक काठांची भारी साडी, हातात जाड पाटल्या. घरचं चांगलं असावं. अशी बाई वेष बदलून कुठं जाणार?

दिलीप मास्तरांचं मत त्या जिना उतरायच्या आत तयार होतं. "म्याडम, खाली सोन्याचं दुकान हाय. ह्या बाईला वर बदलायला जागा पायजे आणि वळख नको. आणखी काय सांगाय पायजे का तुम्हाला?"

"चांगल्या घरातल्या वाटतात."

"चांगल्या घरातल्याच असत्यात. त्याशिवाय सराफ पेढीवर बसवून घील का?"

मी त्यांना गप्प केलं. पण दुसऱ्या भेटीत काकूंनी कुर्त्याला खोल खिसे मागितले. मास्तरांनी टेप गळ्यात टाकला आणि माझ्याकडं बघितलं.

"किती खोल?" मी विचारलं.

"डबा बसंल एवढं."

"कसला डबा?"

"डबा म्हंजे डबा."

खिशात डबा बसला की कुर्ता एका बाजूला ओढतो, त्यापेक्षा खांद्याला अडकवायची कापडी पिशवी घ्या, असं मी सुचवलं. त्या लगेच तयार झाल्या. पिशवीला झाकण मात्र पाहिजे म्हणाल्या, आत काय आहे ते दिसायला नको. मास्तर खोकले.

माझ्या मनातला संशय वेगळ्या दिशेनं चालला होता. मला चोरी वाटत नव्हती. मला वाटत होतं, कुणीतरी माणूस आहे. जाताना त्या खिडकीतून आधी रस्ता बघायच्या आणि मग मागच्या जिन्यानं उतरायच्या. कुणाचं खासगी आयुष्य हा माझा विषय नाही. पण उद्या कुणी शोधत आलं, तर ते माझ्या दारात येणार होतं.

तरी काम म्हणून बघितलं तर प्रश्न छान होता. ऑक्टोबर जवळ आला की माझ्याकडं 'ऑटम ट्रेंड'चे फोटो घेऊन मुली येत असतात. गंजाचा रंग, मोहरीचा रंग, लोकरी थर, गुडघ्यापर्यंत बूट. हे सगळं थंड देशांतलं. आमच्याकडं ऑक्टोबरात सकाळी दव पडतं, दुपारी डोकं तापतं आणि दिवस कलला की रंकाळा तलावाकडून गार वारा सुटतो. म्हणून मी त्या फोटोतले रंग तेवढे घेते, कापड मात्र मलमल नाहीतर खादी. लोकरीऐवजी पातळ बिनबाह्यांचं लांब जाकीट, दुपारी काढून पिशवीत टाकता येईल असं. लेअरिंग म्हणतात ते एवढंच.

काकूंचं मत होतं की काळं किंवा चॉकलेटी काहीतरी घ्यावं. लपायचं म्हटलं की लोक गडद रंगाकडं जातात. मी त्यांना समजावलं, "दुपारच्या उन्हात गडद कपडे घातलेली बाई आधी दिसते. आणि लांबून माणूस चेहऱ्यानं ओळखत नाही, आकारानं ओळखतो. आम्ही त्याला सिलुएट म्हणतो. तुमचा आकार म्हणजे तो मोठा अंबाडा, फुगलेल्या निऱ्या आणि डाव्या हातानं पदर धरून चालणं. शिवाय तुमची चप्पल करकर वाजते. तुम्ही जिन्यात असता तेव्हाच मला कळतं कोण आलं."

त्यांनी चपलेकडं बघितलं. "व्हय की. आमच्या गल्लीत बी कळतं."

म्हणून सरळ कटाचा लांब कुर्ता, सैल पँट, कॅनव्हासचे बूट, अंबाड्याऐवजी मानेवर बांधलेली वेणी. पदर नाही म्हटल्यावर डाव्या हाताला काही काम उरेना. तो हात पिशवीच्या पट्ट्यावर ठेवायची सवय करायला लावली. आरशासमोर त्यांनी स्वतःला बराच वेळ बघितलं. "मास्तरीण वाटतो," म्हणाल्या. हसल्या नाहीत.

रंगाचं उत्तर कॅलेंडरनंच दिलं. नवरात्र तोंडावर होतं. त्या दिवसांत निम्मं शहर रोज ठरलेला रंग घालतं. बँकेत, शाळेत, मंडईत, अंबाबाईच्या रांगेत, जिकडं बघावं तिकडं तोच रंग. मी म्हटलं, "काकू, नवरात्रात जायचं जमेल का? त्या दिवसाचा रंग घाला. तुम्ही गर्दीत विरघळून जाल." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "जमंल. देवळात जातो म्हणून घरातनं निघता बी येईल."

मास्तरांनी रोजच्या रंगाचा एकेक कुर्ता शिवला आणि तसं सुरू झालं. घटस्थापनेपासून काकू दुपारी यायच्या, बदलायच्या, पिशवी घेऊन मागच्या जिन्यानं जायच्या. परत आल्या की डोळे लाल असायचे आणि हातांना खोबरेल तेलाचा वास. पिशवी रिकामी. मास्तर रोज खाली जाऊन सराफाच्या दुकानात सगळं ठीक आहे ना ते बघून यायचे. सराफाला वाटलं मास्तरांना पोरीच्या लग्नाचं सोनं घ्यायचंय.

मला राहवेना. एके दिवशी त्या परत आल्यावर मी दार लावलं.

"काकू, तुमचं काय ते तुमचं. पण उद्या इथं कुणी आलं, तर मी काय सांगायचं?"

त्या पाणी प्यायल्या. मग खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडता सोडता सांगितलं. धाकट्या मुलीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, जातीबाहेर. काकूंच्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, गुळाची अडत. त्यांनी त्या दिवसापासून घरात मुलीचं नाव काढू दिलं नाही. आता मुलीला सातवा महिना. नवऱ्याबरोबर शहराच्या टोकाला कळंब्याला राहायला आलीय. पहिलं बाळंतपण, आणि माहेर नाही.

"तिच्या केसांना तेल लावतो, रव्याचं लाडू देतो आणि येतो. बाजारातलं हमाल, ट्रकवालं, समदी मला साडीवरनं वळखत्यात. कुणी बघितलं तर सांजच्याला मालकांच्या कानावर जातंय."

मला खरं वाटलं. निम्मं. क्लायंट स्टायलिस्टला पुष्कळ गोष्टी सांगतात आणि त्यातल्या बऱ्याच सोयीच्या असतात. मास्तरांना तर काहीच पटलं नाही. "मालिका बघून सांगत्यात," ते म्हणाले.

दोन-तीन दिवसांनी, काकू घरी गेल्यावर, एक उंच, जाडजूड माणूस वर आला. पांढरा शर्ट, कपाळावर भस्माची फिकट रेघ. दारातच चपला काढल्या. मोबाइलवर लग्नातला एक फोटो दाखवला. "आमची मंडळी हितं येत्या का?"

फोटोत काकू होत्या.

"मी क्लायंटबद्दल कुणाशी बोलत नाही."

"मी कुणी न्हवं. नवरा हाय."

"नवऱ्याशी पण नाही."

मास्तरांनी शिलाईचं मशीन थांबवलं. मला वाटलं आता आवाज चढणार. तो माणूस खाली बसला. आवाज उलट बारीक झाला.

"म्याडम, आमच्या ड्रायव्हरनं तिला ह्या जिन्यातनं उतरताना बघितलं. पयल्यांदा वळखलंच न्हाय म्हणाला. मग रिक्षानं कळंब्याकडं गेली. तिथं वाटंत मोठा दवाखाना हाय. घरात येती ती रडलेली. जेवत न्हाय. आमची आई अशीच गुपचूप दवाखान्यात जायची. कुणाला बोलली न्हाय. आमाला कळलं तवा काय उरलं नव्हतं." त्यानं फोटोकडं बघितलं. "तिला काय झालंय, तेवढं सांगा. कापडं बिपडं काय न्हाय बघायचं मला."

माझा संशय तेव्हाही गेला नव्हता. हा सगळं माहीत असून माझ्या तोंडून काढायला आला असेल तर? अडतीवर बसणारा माणूस समोरच्याकडून बोलणं काढण्यात तयार असतो. पण त्याचा अंगठा मोबाइलच्या काचेवर, काकूंच्या फोटोवर सारखा फिरत होता. ते त्याला कळतही नसावं.

गप्प राहिले तर हा माणूस भीतीनं आजारी पडणार. बोलले तर काकूंचा विश्वास जाणार. मी शब्द मोजून बोलले.

"काकू ठणठणीत आहेत. दवाखान्यात जात नाहीत. याच्यापुढं मी एक अक्षर बोलणार नाही."

त्यानं हात जोडले, उठला. दारात चपला घालताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "मग कळंब्याला कशाला जाती? तिकडं आमचं कोण..."

वाक्य तिथंच तुटलं. एक चप्पल घातलेली, एक तशीच. मग दुसरी चप्पल पायात सरकवून जिना उतरून गेला.

"झालं," मास्तर म्हणाले.

काकूंचा नंबर माझ्याकडं नव्हता. कळवणार कसं? दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. अष्टमीला नाहीत, खंडेनवमीलाही नाहीत. त्या दिवसांसाठी काढून ठेवलेले कुर्ते हँगरवर तसेच राहिले. मास्तर आता सराफाकडं जात नव्हते. मशीन चालवता चालवता मधेच विचारायचे, "काय कळलं का?" काकूंना कोंडून ठेवलं असेल, माहेरी धाडलं असेल, त्याहून वाईट काही झालं असेल, असं आम्ही दोघं दिवसभर एकमेकांना न सांगता मनात म्हणत होतो.

दसरा झाल्यावर जिन्यात करकर ऐकू आली. पुढच्या जिन्यात.

काकू आल्या, त्याच भारी साडीत. आज पहिल्यांदा त्यांनी खरं नाव सांगितलं, महानंदा. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"त्या रात्री मालक काय बोललं न्हाईत. सकाळी गाडी काढली, म्हणालं, चल. मला वाटलं भावाकडं सोडाय निघालं. गाडी गेली कळंब्याला. बरोबर दारात. म्हंजे घर ठावं हुतं की त्यास्नी. कधीपास्नं, कुणास ठावं. मला म्हणालं, किती वेळ लागंल? मी म्हटलं, तास-दीड तास. म्हणालं, बसतो."

"आत आले?"

"न्हाय. गाडीतच. जावयानं चहा न्हेला. काच खाली केली, चहा घेतला, काच वर केली. बोलायचं नाव न्हाय."

"मुलगी?"

"खिडकीत हुती. बघत हुती. त्यांनी बघितलं का न्हाय, सांगता येत न्हाय. चष्मा काळा हुता."

मास्तर मशीनवर मान खाली घालून बसले होते. मशीन चालू नव्हतं.

काकू कामाचं बोलायला आल्या होत्या. मुलीचं डोहाळजेवण त्यांच्याच हातानं करायचं होतं, मुलीच्याच घरी. तिच्यासाठी हिरवी साडी निवडायची होती. मुलगी सावळी, ऑक्टोबरचं दुपारचं ऊन. मी पोपटी नको म्हटलं, मेंदीकडं झुकणारा हिरवा सांगितला, कापड हलकं, काठ बारीक, म्हणजे वजन होणार नाही. ब्लाउज पुढून उघडणारा शिवायचा, पुढं बाळाला पाजताना उपयोगी पडेल. मास्तरांनी स्वतःहून सांगितलं की माप घ्यायला ते कळंब्याला जातील.

"काका येणार का कार्यक्रमाला?" मी विचारलं.

"गाडीतनं येतील. पुढचं काय सांगता येत न्हाय."

जाताना मी हँगरवरचे कुर्ते पिशवीत भरायला घेतले. आता इथं ठेवायची गरज नव्हती. काकूंनी पिशवी परत माझ्या हातात दिली.

"असू द्यात हितं. मालकांचा अजून भरवसा न्हाय."

कार्यक्रमाला मला बोलावणं होतं. मी गेले. काका आले, आत आले, दाराजवळच्या खुर्चीवर बसून जेवले आणि मुलीशी दोन वाक्यं बोलले. त्यातलं एक पंख्याबद्दल होतं. काकूंना ते पुरेसं वाटलं.

मी नव्या क्लायंटला पूर्वी विचारायचे, प्रसंग कुठला आहे? आता विचारते, हे घालून जायचंय कुठं, आणि घरात कुणाला कळायला नको? दुसऱ्या प्रश्नावर बायका चमकतात, पण उत्तर देतात. निम्म्या खोटं सांगतात. तेवढं धरून मी कट ठरवते.