पाळकबाबांनी खरी उत्तरं दिली

अन्याय आमच्या पाळकबाबांवर झाला. गेल्या ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी, उपासना संपून लोकांच्या हातात झावळ्या होत्या तेव्हाच चर्च समितीच्या सचिवांनी जाहीर केलं: व्यक्तिमत्त्व चाचणीत पाळक नेतृत्वास अपात्र ठरले, त्यांची बदली झाली आहे.

बाबा तापट होते, हे रायपूरच्या अख्ख्या तात्यापारा मोहल्ल्याला माहीत होतं. पण प्रभुभोजनाच्या दिवशी, भाकर मोडण्याआधी, ते वेदीवरून खाली उतरायचे. "सुमनमावशी, शुक्रवारी तुमच्यावर उगाच खेकसलो. माफ करता का?"

"हव, केलं. पण आवाज जरा कमी करा ना बाबा."

मंडळी हसायची. मग बाबा भाकर द्यायचे. पश्चात्ताप करा, असं सगळेच पाळक सांगतात. आमचे स्वतः आधी करायचे.

एकदा ते माझ्या बाकाशी थांबले. नव्या रायपुरात कचेऱ्या झाडायला जाणाऱ्या बायांना बस मिळावी, म्हणून मी चर्चच्या फाटकावर पत्रकं लावली होती. "पोट्ट्या, तुझी पत्रकं मी फाडली. काहून, तर साहेब लोक नाराज होतील म्हणून भ्यालो." मी म्हटलं, "माफ किया, बाबा." सोमवारी ते माझ्यासोबत बसथांब्यावर पत्रकं वाटत उभे.

पुढे समितीला राजधानीला शोभेल असा मुख्य पाळक हवा झाला. शहरातल्या पाळकांचे स्वभाव तपासायला तज्ज्ञ आणले, शंकर नगरात मुलाखती झाल्या. बाकीचे सगळे शांत, निर्भय, अढळ निघाले. बाबांनी मात्र प्रभुभोजनाआधी द्यावीत तशी उत्तरं दिली.

परत आल्यावर आम्हाला सांगत होते, "राग येते का? म्हटलं, येते. भेव वाटते का? वाटते. प्रार्थनेचा कंटाळा? तो तर दर सोमवारी येऊन राहिला."

सुमनमावशींनी कपाळाला हात लावला. "थोडं सांभाळून बोलाचं ना, बाबा."

"तिथं खोटं बोललो असतो, मावशी, तर रविवारी कोणत्या हातानं भाकर देऊ तुमाले?"

आता ते दूरच्या एका लहान मंडळीत आहेत. नवे पाळक छान बोलतात. वेदीवरून खाली मात्र अजून एकदाही उतरलेले नाहीत.

रागीट, भित्रे, कंटाळणारे. तज्ज्ञांनी लिहिलं ते सगळं खरं आहे, आणि हे चारचौघांत कबूल करणारा माणूस आमचा पाळक होता याचा मला अभिमान आहे. येत्या रविवारी मंडळीच्या सभेत त्यांना परत बोलावण्याचा ठराव मी मांडतोय. घरी बसून हळहळू नका. सभेला या, आणि सचिवांच्या डोळ्यांसमोर हात वर करा.